वाशाखालचे पोते

“पोतं कुठं गेलं?” भैरूने विचारले.

मी तिथेच होते. गॅरेजपासून दहा-बारा पावलांवर, पडवीच्या उघड्या दारात, माझ्या नेहमीच्या चटईवर. पोते कुठे आहे हे त्या घरात फक्त मला ठाऊक होते. परसात धुण्याच्या दगडावर ते पालथे पडले होते. पण घड्याळात बारा वाजून चार मिनिटे झाली होती, आणि बारा वाजता मी सामायिकाला बसले होते.

“हितंच हुतं की. वाशाखाली दुमडून ठिवलं हुतं मी,” भैरू इकडेतिकडे बघत म्हणाला.

“असेल रे कुठंतरी,” हे म्हणाले. हे म्हणजे आमचे यजमान. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. “फरशी कोरडी ठणठणीत आहे. पोत्याचं काय घेऊन बसलास? आटप की आता.”

भैरूने माझ्याकडे पाहिले. “काकू, तुमी बघितलं का वो?”

“तिला विचारू नकोस,” हे हसून म्हणाले. “ती आता पाऊण तास या घरात नाही. आणि नेम नसतानाही तिचं बोलणं ऐकायला कान तोंडाशी न्यावा लागतो.”

भैरूही हसला आणि शिडीकडे वळला.

या गोष्टीला एकोणीस वर्षे झाली. आमच्या जैनांत सामायिक म्हणजे एका जागी बसून केलेली दोन घटकांची साधना. अठ्ठेचाळीस मिनिटे. बसण्याआधी जागेची आणि वेळेची मर्यादा मनात बांधून घ्यायची. मग उठायचे नाही, बोलायचे नाही, राग नाही, लोभ नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन वेळा बसण्याचा नेम मी आमच्या साध्वी माताजींकडून घेतला होता. त्याला तीन वर्षे झाली होती आणि एकदाही खंड पडला नव्हता. अंगात ताप असताना बसले होते. गॅसवर दूध उतू गेल्याचा वास आला तरी हलले नव्हते. हे चारचौघांत त्याचे कौतुक सांगत, आणि खोटे कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचे.

जयसिंगपुरात आम्ही नवे घर बांधले होते आणि दसऱ्याला पहिली गाडी यायची होती. गाडीच्या आधी गॅरेजला शटर हवे, हा ह्यांचा हट्ट. “उघड्या गॅरेजात नवी गाडी उभी करायची म्हणजे सोनं अंगणात वाळत घालण्यासारखं आहे,” असे ते म्हणायचे. भैरू लोहार दोन दिवस काम करत होता. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या भिंतीत बसल्या होत्या, वरचा आडवा नळ चढला होता. राहिले होते ते स्प्रिंगला पीळ देणे. त्या नळाच्या पोटात स्प्रिंग असतो. त्याला पीळ भरला की एवढे जड शटर बाईमाणसालाही एका हाताने वर ढकलता येते. आणि पीळ भरताना तो सुटला तर काय होते, ते भैरूने सकाळीच आम्हाला सांगितले होते.

“वाघ हाय त्यो, अण्णा. झोपलेला हाय तवर ठीक. बारा पीळ खाल्ल्यावर त्येच्या तोंडापुढं उभं ऱ्हायचं न्हाई.”

एरवी तो दोन मोठे पाने घेऊन येई. एकाने नळ फिरवायचा, दुसऱ्याने धरून ठेवायचा. पण त्या दिवशी खंडेनवमी होती. त्याच्या आईने पहाटेच घरातली हत्यारे धुऊन, हळदकुंकू लावून पूजेला मांडली होती. मोठे दोन्ही पाने पूजेत बसले होते, आणि पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. हाताखालचा माणूसही सणामुळे आला नव्हता.

“परवा करू की, अण्णा. घाईचं काम न्हाई हे,” तो म्हणाला होता.

“उद्या गाडी दारात येणार. पाहुणे येणार. उघड्या भगदाडापुढं गाडीची पूजा करू का? काहीतरी युक्ती काढ.”

भैरूने डोके खाजवले आणि युक्ती काढली. गड्याच्या जागी हे उभे राहतील. धरायच्या पान्याच्या जागी लहान पाना नळाला अडकवायचा आणि त्याच्या दांड्याखाली एक लाकडी वासा उभा करायचा. दांडा वाशाच्या डोक्यावर टेकला की नळ उलटा फिरत नाही. मग नळाच्या भोकात लोखंडी सळई घालून पुढचा पीळ द्यायचा. वासा थोडा तिरका उभा राहणार म्हणून त्याच्या पायाखाली त्याने जाड पोते दुमडून ठेवले. “फरशी गुळगुळीत हाय. पोत्यानं पाय घट्ट ऱ्हातोय,” असे स्वतःशीच बोलत तो नैवेद्याच्या जेवणाला घरी गेला.

मी हे ऐकले होते. ऐकले नव्हते असे मला म्हणता येणार नाही.

अकराच्या सुमारास मी गॅरेजात झाडायला गेले. भिंतीला भोके पाडल्यामुळे विटेची लाल भुकटी सगळीकडे पसरली होती. भैरूने सकाळी तिथेच बसून गूळ-शेंगा खाल्ल्या होत्या, आणि त्या पोत्यावर मुंग्या लागल्या होत्या. दहावीस नव्हे. घड्यांतून, कडांतून, काळी रांगच्या रांग. दुपारी भैरू आला की त्यांच्यावर वासा रोवणार होता. मला ते बघवेना. मी वासा हळूच भिंतीला टेकवला, पोते दोन टोकांना धरून परसात नेले आणि धुण्याच्या दगडावर पसरले. मुंग्या आपल्या वाटेने निघून जातील, मग परत आणून ठेवू, असा विचार केला. तेवढ्यात दूधवाला आला, झाडणे तसेच राहिले, मग शेजारच्या सुलोचनावहिनी झेंडू मागायला आल्या. बाराचे टोल पडले तशी हातपाय धुऊन मी चटईवर बसले.

आणि चार मिनिटांनी भैरूने विचारले, पोते कुठे गेले.

एक शब्द पुरला असता. परसात. मी मनात म्हटले, मर्यादा बांधलेली आहे. भैरू जाणता माणूस आहे, दुसरे काहीतरी घालेल खाली.

त्याने घातले नाही. वाशाचा पाय नुसता फरशीवर रोवला, वर चढून पाना अडकवला, दांडा वाशावर टेकवला. हे लोखंडी स्टुलावर चढले आणि दोन्ही हातांनी वाशाचे डोके धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा पान्याच्या दांड्यापासून वीतभर लांब होता.

“अण्णा, तोंड बाजूला. दांड्याच्या रेषेत डोकं आणायचं न्हाई,” भैरू म्हणाला.

“बरं बाबा,” असे म्हणून हे अर्धे वळले. दोन मिनिटांनी पुन्हा तसेच समोर आले. चष्म्यातून नीट दिसत नाही म्हणून जवळ जायची त्यांची सवयच.

“एक,” भैरूने मोजले. सळई कुरकुरली. “दोन.”

मी डोळे मिटले. णमोकार मंत्र सुरू केला. तिसऱ्या पिळापर्यंत मन बरे राहिले. चौथ्याला स्प्रिंग आतून कण्हल्यासारखा वाजला आणि माझे डोळे आपोआप उघडले. ते थेट वाशाच्या पायावर गेले.

तो जिथे होता तिथेच होता. लाल भुकटीत घट्ट उभा. मी स्वतःला रागावले. पुन्हा डोळे मिटले. पण आता मिटल्या डोळ्यांसमोरही तोच पाय दिसत होता.

“पाच. अण्णा, दमला का?”

“दमतोय कुठला? तू दमलास तर सांग.”

“सहा.”

सातव्या पिळाला सळई भोकातून काढून परत घालताना सगळा भार वाशावर आला. तेव्हा मी पाहत होते. वाशाच्या पायामागे भुकटीत एक बारीक पांढरी रेघ उघडी पडली. नखाएवढी. फरशी दिसू लागली होती. मघाशी ती दिसत नव्हती.

मला वाटले, भास असेल. लाल भुकटी आहे, वाऱ्याने हलली असेल. पण वारा नव्हता. दारावरच्या झेंडूच्या माळेची एक पाकळीही हलत नव्हती.

हाताच्या तळव्यांना घाम सुटला आणि जपमाळेचे मणी चिकटू लागले. नेम देताना माताजी म्हणाल्या होत्या, “बसल्यावर भीती येईल. साप दिसेल, चोर दिसेल, घर पेटलेलं दिसेल. ते सगळं मनाचं. त्याला उपसर्ग म्हणायचं. जो हलत नाही तो तरतो.” मी ते वाक्य घट्ट धरले. हा उपसर्गच आहे. तीन वर्षांचा नेम मोडायला आलेला. पद्मावती, हलू नकोस.

“आठ.”

रेघ बोटाएवढी झाली.

मला घड्याळ दिसत होते. बारा तेवीस. अजून पंचवीस मिनिटे. मी ह्यांच्याकडे पाहिले. सदऱ्याच्या बाह्या वर सरकल्या होत्या, मानेवर घाम होता. त्यांच्या कानशिलाजवळची शीर मला तिथून दिसत होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली होती, पण त्या कानशिलाकडे मी इतके निरखून कधी पाहिले नव्हते. दांडा तिथे लागेल. बरोबर तिथेच.

तोंड उघडावे असे वाटे आणि लगेच दुसरे मन म्हणे, समज काही नसलेच तर? हे दोघे हसतील. “तीन वर्षांचं व्रत भुकटीपायी मोडलं” म्हणतील. उद्या पाहुण्यांसमोर सांगतील. काय सांगू, त्या घटकेला मला त्या हसण्याचीही भीती वाटली. मरणाची वाटत होती, आणि तिच्या शेजारी ही एवढीशी भीतीही बसली होती, आणि दोन्ही सारख्याच ताकदीने माझे तोंड दाबून धरत होत्या.

“नऊ. आता जड झालाय गडी,” भैरू धापा टाकत म्हणाला. “अण्णा, वासा बरा हाय न्हवं?”

“एकदम बरा. मी धरलाय ना.”

त्यांनी वरचे टोक धरले होते. खालचे कुणाच्याच हातात नव्हते.

“दहा.”

या वेळी मला आवाजही आला. लाकूड फरशीवर घासल्याचा, खडू पाटीवर ओढावा तसा. वरच्या दोघांना तो सळईच्या कुरकुरीत ऐकू आला नाही. रेघ चार बोटे झाली होती, आणि वासा आधी होता त्याहून उघड उघड तिरका झाला होता. आता भास म्हणायची सोय उरली नव्हती. मी मंत्र म्हणत नव्हते. केव्हापासून म्हणत नव्हते कोण जाणे.

मी ओरडायला तोंड उघडले आणि आवाजच आला नाही. नुसती हवा. जन्मभर हळू बोललेल्या बाईला ओरडावे कुठून हे ठाऊक नसते. मी उठायला गेले तर पाय बधिर झालेले. गुडघ्यावरच पडले.

“अकरा,” भैरू म्हणाला.

वासा सरकला. मला दिसले. थांबत थांबत नाही, एका ओढीने.

“धनपाल!”

त्यांचे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा असे मोठ्याने घेतले होते. उखाण्यातही मी ते मान खाली घालून पुटपुटले होते, तेवढेच. मी काय बोलते आहे हे कळायच्या आत ते दचकून वळले आणि वळता वळता स्टुलावरून त्यांचा तोल गेला. ते पडले आणि त्याच क्षणी त्यांच्या डोक्याच्या जागेवरून पान्याचा दांडा सूं करून खाली आला, वर गेला, पुन्हा खाली आला. नळ गरगर फिरत होता. पाना तुळईवर आपटून गॅरेजाबाहेर फेकला गेला. सळई भैरूच्या हातातून सुटली नाही, हेच वाईट झाले. तिने त्याचा हात आपल्याबरोबर फिरवला. मी तो आवाज ऐकला. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

मग सगळे शांत झाले. वरून सिमेंटची बारीक भुकटी पडत राहिली.

ह्यांच्या कोपराला खरचटले होते, बाकी काही नाही. भैरू शिडीखाली बसला होता, उजवा हात मांडीवर घेऊन, दुसऱ्याचा असावा तसा त्याच्याकडे बघत. “काकू, पाणी,” एवढेच म्हणाला.

तासाभरात गल्लीभर बातमी गेली. सुलोचनावहिनींनी मला मिठीच मारली. “नेम मोडलास, पण कुंकू राखलंस गं बाई! आणि नाव घेऊन हाक मारलीस म्हणे? अण्णा, आता रोज तशीच हाक मारायला सांगा हो, म्हणजे तरी तुम्ही वेळेवर घरी याल!” सगळे हसले. हेही हसले. मग आत येऊन माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, “पद्मा, तू नसतीस तर आज मी नव्हतो.” त्यांचे डोळे भरले होते. मी मान खाली घातली. त्यांना ते माझे नेहमीचे मितभाषीपण वाटले.

संध्याकाळी मी परसात गेले. पोते दगडावर वाळले होते. मुंगी एकही नव्हती.

सामायिक मोडल्याचे प्रायश्चित्त घ्यायला मी माताजींकडे गेले. कुणाचा जीव वाचवण्यासाठी मोडले, असे त्यांनी कुणाकडून तरी आधीच ऐकले होते. त्यांनी एक उपवास सांगितला आणि पाठीवरून मोरपिसांची पिंछी फिरवली. “दोष नाही,” म्हणाल्या. मी सात ते अकरा या पिळांबद्दल त्यांना काहीच सांगितले नाही. उपवास केला. तो अगदी सोपा गेला.

आठव्या दिवशी मी भैरूच्या घरी गेले. एकटीच. ह्यांना सांगितले की बस्तीत दर्शनाला जाऊन येते. ते खोटे होते.

दोन खोल्यांचे घर. भैरू बाजेवर भिंतीला टेकून बसला होता, कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितले होते, हाड जुळेल, पण तीन बोटांचे काही खरे नाही. ती तीन बोटे पुढे कधीच मिटली नाहीत. त्याच्या आईने मला पाट दिला आणि डोळ्यांना पदर लावला.

“माजंच चुकलं बाई. मीच पाने पूजेला मांडलं. आन सांगितलं, हात लावशील तर बघ.”

“आई, गप की,” भैरू म्हणाला. “दर वरसाला मांडतीस. ह्यात तुजं काय? जा, च्या ठेव काकूंना.”

म्हातारी आत गेली. मी पाटावर बसून राहिले. आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होते.

“भैरू, ते पोतं मी काढलं होतं. मुंग्या लागल्या होत्या म्हणून.”

“ठावं हाय मला. अण्णांनी सांगितलं, परसात घावलं म्हणून.” तो थोडे हसला. “मुंग्या वाचल्या न्हवं?”

“तू विचारलंस तेव्हा मी ऐकलं होतं.”

“तुमी नेमात हुता. आमाला काय ठावं न्हाई व्हय?”

“अजून आहे,” मी म्हटले. माझा आवाज इतका खाली गेला की तो पुढे वाकला. “वासा सरकताना मला आधीपासून दिसत होता. तू सात म्हणालास ना, तेव्हापासून. आठला दिसला, नऊला दिसला. दहाला तर आवाजही आला. मी बसून राहिले. ओरडले ते अकराला. लोक म्हणतात मी वाचवलं. मी सातला बोलले असते तर तुझा हात...”

भैरू प्लास्टरच्या कडेला सुटलेला एक दोरा डाव्या हाताने ओढत राहिला. मला वाटले, तो आईला हाक मारेल, तिला सांगेल. शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरे झाले असते. मी त्याची वाटच बघत होते.

“व्हय,” शेवटी तो म्हणाला. “तुमी बघत हुता ते मला दिसलं हुतं.”

मी वर पाहिले.

“नेमाला बसल्यावर तुमी डोळं मिटून घेताय. दोन दिवस बघत हुतो न्हवं मी, दुपारचं. त्या दिवशी मातर सातव्या पिळाला सहज नजर गेली, तर तुमचं डोळं सताड उघडं, आन वाशाच्या पायावर. आठला बघितलं, तवाबी तसंच.” तो अगदी साधेपणाने, कामातली एखादी गोष्ट समजावून सांगावी तसा बोलत होता. “अण्णांचा मला भरवसा नव्हता, काकू. त्यास्नी चष्म्यातनं दिसत न्हाई. म्हटलं, काकू ध्यान ठिवून हायत. काय हललं-बिललं तर काकू गप बसायच्या न्हाईत. म्हणून मग मी खाली बघायचं सोडून दिलं.”